डोक्यातला टावर

माझी सगळी नोकरी मंगरूळपीरच्या बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीमागे गेली. त्यामुळे माणसांच्या अकलेबद्दल माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही. पाटीखाली उभं राहून ही पाटी कोणत्या गाडीची म्हणून विचारणारे मी पाहिले. कारंजाची गाडी नाकासमोरून निघून जाताना कारंजाची गाडी कधी लागते म्हणून मलाच दटावणारे पाहिले. जायचं रिसोडला, बसले भलत्याच गाडीत, आणि परत येऊन माझ्या नावानं बोटं मोडतायत, असेही पाहिले. आता वाटतं, ती माणसं बरी होती. ती निदान विचारायची तरी. हल्ली कोणी काही विचारत नाही. जो तो फोनवर काहीतरी वाचतो आणि दुसऱ्याला शिकवायला निघतो.

ही हकीकत माझ्या थोरल्या भावाची, दादाची आहे. आणि त्याच्या डोक्याच्या काळजीनं ज्या शहाण्यांनी त्याचा फोन काढून घेतला, त्यांची आहे.

आधी एक शब्द सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात फोनच्या रेंजला 'टावर' म्हणतात. गावाबाहेर उभा आहे तो लोखंडी मनोरा टावर, आणि फोनवर दिसतात त्या काड्याही टावर. टावर येतो, टावर जातो, एखाद्याच्या घरात टावर असतो आणि शेजारच्याच्या घरात नसतो. आणि शेताला आम्ही म्हणतो वावर. दादाचं वावर नाल्यापलीकडे खोलगट जागी आहे, तिथं टावर धड मिळत नाही. बोलताना आवाज तुटायला लागला की दादा म्हणायचा, "थांब व बाई, टावरात येतो." मग नुसती त्याची धाप ऐकू यायची, कारण तो बोलता बोलता बांध चढत असायचा. बांधावर पोचला की आवाज स्वच्छ.

दादाचा फोन बटणांचा, साधा. त्याचे उपयोग दोनच. रोज सकाळी मला फोन करायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "कोणती गाडी लागली व बाई?" मी खिडकीत होते तेव्हापासूनची ही थट्टा. मी निवृत्त झाले तरी त्यानं ती सोडली नाही. मी म्हणायची, तुझ्या गावची गाडी पंक्चर झालीय. तो हसायचा, मग पाऊसपाणी, हरभरा, रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, किती खाल्लं, असं बोलून ठेवून द्यायचा.

दुसरा उपयोग मिस कॉलचा. फोन नवे नवे आले तेव्हा बोलायला पैसे पडायचे म्हणून अख्खं गाव मिस कॉलवर चालायचं. एक घंटी देऊन फोन कापला की समोरच्यानं काय ते समजायचं. पुढे बोलणं फुकटच झाल्यासारखं झालं, सगळ्यांनी मिस कॉल सोडले आणि तासन्‌तास बडबडायला लागले. दादानं सोडला नाही. दुपारी वावरातून निघाला की बांधावर उभं राहून एक घंटी द्यायचा आणि कापायचा. घरी वहिनीचा तसलाच फोन चुलीजवळच्या दिवळीत ठेवलेला असे. घंटी वाजली की ती बघायचीसुद्धा नाही, तवा चढवायची. दादा येऊन पाय धुवेपर्यंत ज्वारीची भाकरी फुगलेली असे. तो जेवल्याशिवाय ती जेवत नसे. या दोघांनी उभ्या जन्मात एकमेकांशी गोड बोललेलं मी ऐकलं नाही. पण ती घंटी मात्र चुकली नाही.

मग एके सकाळी दादाचा फोन आला. कोणती गाडी लागली, त्यानं विचारलं. मी नेहमीसारखं काहीतरी उत्तर दिलं. तो हसला नाही. म्हणाला, "तुही ड्युटी कवा सुटते? सुट्टी टाकून येऊन जा व." मला आधी वाटलं, थट्टाच चाललीय. पण आवाज थट्टेचा नव्हता. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या निरोपाला फेटा बांधून तो स्वतः आला होता. 

त्यानंतर एकेक कानावर यायला लागलं. वहिनी सांगायची. कुलूप ढोरांच्या गव्हाणीत सापडलं. केव्हाच विकलेल्या बैलाला वैरण टाकली का म्हणून विचारलं. एका लग्नात सख्ख्या मामेभावाला 'पाव्हणे कोण्या गावचे' म्हणाला. वहिनी हे सगळं हलक्या आवाजात सांगायची, जणू तिचाच काही गुन्हा होता. घरात पहिले काही महिने सगळ्यांनी, वय झालं, असं म्हणून सोडून दिलं. मला ते पटत नव्हतं. वय माझंही झालंय, मी कोणाला पाव्हणे म्हणत नाही.

आता दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. कारंजाला त्याचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. शिकलेला आहे, म्हणजे पदवी आहे. खिशात दोन फोन, शिवाय मोटरसायकलच्या हँडलला तिसरा अडकवलेला. रस्ता पाठ आहे तरी त्या फोनकडे बघत गाडी चालवतो. मनानं वाईट नाही हो. बापावर त्याचा जीव आहे, हे मी नाकारणार नाही. पण जीव असणं वेगळं आणि अक्कल असणं वेगळं.

गावात तेव्हा रेडिएशनची साथ आली होती. साथच म्हणते मी, कारण ती एकाकडून दुसऱ्याला लागत गेली. तिचं मूळ टावरमध्ये. कारंजाच्या रस्त्याकडे, गावाच्या त्या टोकाला, एका शेतकऱ्याच्या वावरात कंपनीनं मनोरा उभा केला. उभा राहीपर्यंत प्रत्येकाला तो आपल्याच वावरात हवा होता. भाडं मिळणार होतं. तो एकाच्याच वावरात उभा राहिला आणि बाकीच्यांना रेडिएशन लागलं. कोणाचं डोकं दुखायला लागलं, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या लिंबाला बार धरेना. ज्याच्या वावरात टावर होता तो मात्र टावरच्या बुडाशी खाट टाकून घोरत असे. त्याला काही झालं नाही.

मग गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काहीतरी यायला लागलं. फोननं मेंदू कसा शिजतो. फोननं आठवण कशी पुसली जाते. हे सगळं वाचायचं फोनवर, पाठवायचं फोनवरून, आणि शेवटी खाली लिहिलेलं असायचं की हा संदेश जास्तीत जास्त लोकांना पाठवा. मेंदू शिजत असेल तर इतक्या लोकांचा कशाला शिजवता रे, असं मी एकदा ग्रुपवर लिहिलं. दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एका बहाद्दरानं फोन स्टीलच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, रेडिएशन बाहेर येऊ नये म्हणून. मग फोन लागत नाही म्हणून तो कंपनीला शिव्या घालत फिरायचा. एकानं फोनला मोरपीस चिकटवलं. काहींनी चांदीच्या रंगाची गोल चिकटी मागवली. ती फोनच्या पाठीवर लावली की म्हणे रेडिएशन चिकटीतच अडकतं. दुधाच्या पिशवीच्या आतल्या बाजूसारखी दिसायची ती.

भाच्यानं दादाच्या फोनला तसली चिकटी लावली तेव्हा मी हसले. त्यात चूक झाली असं मी मानत नाही, ती गोष्ट हसण्यासारखीच होती. दादाचा फोन दिवसाकाठी मला एक फोन आणि बायकोला एक घंटी, एवढाच वापरला जायचा. बाकी वेळ बंडीच्या खिशात झोपलेला. मी भाच्याला विचारलं, "काहून रे, तुह्या खिशात दोन हायेत. तुहं डोकं कसं नाही पोखरलं?" त्यावर त्यानं मला समजावलं की त्याचे फोन नव्या टेक्नॉलॉजीचे आहेत, त्यांच्यात फिल्टर असतो. दुकानात औषधाच्या बाटलीवरचं लेबल तो गिऱ्हाइकाला असंच वाचून दाखवत असणार, असा विचार माझ्या मनात आला. पिकांची दया आली.

चिकटीनं दादाला फरक पडला नाही. पडायचा कसा? तेव्हा मीच हट्ट धरला आणि दादाला वाशिमला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. भाचा बरोबर होता. डॉक्टर तरुण, शांत. त्यांनी दादाला घड्याळ काढायला लावलं, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मग इकडचं तिकडचं बोलून ते शब्द परत विचारले. दादाला एकही आठवला नाही. तो ओशाळून माझ्याकडे बघायला लागला, शाळेत पाढा अडला की बघायचा तसा. 

रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे. औषधानं थोडा हळू जाईल, पण जाईल पुढेच. भाच्यानं लगेच रेडिएशनचं काढलं. डॉक्टर वैतागले नाहीत, हे मोठं नवल. ते म्हणाले की यावर जगभर तपास चालू आहे, पण फोनच्या लहरींनी हा आजार होतो असं आजपर्यंत कोणाला दाखवता आलेलं नाही. रात्र रात्र फोन बघत जागणाऱ्यांची झोप जाते, आणि झोप गेली की लक्षात राहणं बिघडतं, तेवढं मात्र खरं. हे बोलताना त्यांनी भाच्याच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघितलं. मीही बघितलं. भाचा तेव्हा खिशातल्या फोनकडे बघत होता.

निघताना डॉक्टरांनी सांगितलं की यांच्या जुन्या सवयी मोडू नका. वावरात जात असतील तर जाऊ द्या, आसपास माणूस असला म्हणजे झालं. मनात काही उरलं नाही तरी हाताला सवय उरते, बराच काळ उरते. आणि शेवटी म्हणाले, "यांच्या खिशातला फोन काढू नका. उद्या वाट चुकले तर शोधणार कसे?"

वाशिमहून परतताना गाडीत भाचा एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, पोराच्या डोक्यात उजेड पडला. पण तो फोनवर डॉक्टरांचं खोटं शोधत होता. गाव येईपर्यंत त्याला सापडलंसुद्धा. कोण्या एका माणसानं व्हिडिओत सांगितलं होतं की सगळे डॉक्टर फोनच्या कंपन्यांना सामील असतात. तो माणूस कोण, काय शिकलेला, कुठे राहतो, काही माहीत नाही. पण त्यानं पांढरा कोट घातला होता, म्हणून तो खरा. आणि वाशिमचे डॉक्टर चौकटीच्या शर्टात होते.

दोन दिवसांनी दादाचा सकाळचा फोन आला नाही. मी केला तर बंद. वहिनीला केला. ती म्हणाली, पोरानं काढून घेतला, धान्याच्या कोठीवरच्या डब्यात टाकून ठेवला. म्हणे, बाबांच्या डोक्याला आराम पडेल. मी भाच्याला फोन लावला आणि मला जेवढं बोलता येत होतं तेवढं बोलले. खिडकीमागच्या सगळ्या वर्षांत मी कोणाला इतकं बोलले नव्हते. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आत्या, तुले नाही समजत. थे दिसत नाही, पन आतून पोखरते. माह्या बापाचं डोकं हाये, मले पाहू दे." बाप त्याचा होता. भाऊ माझा होता, पण गावात बहिणीचं किती चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

मग वहिनीचे हाल सुरू झाले. घंटी नाही म्हटल्यावर तवा कधी ठेवायचा? ती अंदाजानं भाकरी टाकायची, दादा यायचाच नाही. ती वाट बघून बघून चूल विझवायची, आणि मग तो यायचा, घामाघूम, चिडलेला. आल्या आल्या बंडीचे खिसे चाचपायचा. काहीतरी राह्यलं, म्हणायचा. काय राह्यलं ते सांगता यायचं नाही. तो बांधावर उभा राहून खिसे उलटे करतो, हे शेजारच्या वावरवाल्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, शरीरातून रेडिएशन उतरताना असं होतं. दारू सोडल्यावर होतं तसं. मी फोन आपटला. माझाच फुटला, नवा घ्यावा लागला.

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला मी माहेरी गेले. खरं म्हणजे हळदीकुंकवाचं निमित्त होतं, दादाला बघायचं होतं. मी पोचले तेव्हा तो वावरात गेलेला. हरभरा घाट्यावर आला होता, रोह्यांच्या भीतीनं तो रोज जायचा. वहिनीनं पीठ मळून ठेवलेलं. दुपार झाली, दुपार कलली, दादा आला नाही. पिठावर पापडी धरायला लागली. वहिनीनं शेजारच्या वावरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, दादा तर केव्हाच निघाला.

मग जे सुरू झालं त्याला गावातले लोक शोधाशोध म्हणतात. दुकान बंद करून भाचा धावत आला, त्याबद्दल त्याला नावं ठेवणार नाही. पण आल्या आल्या त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर बापाचा फोटो ग्रुपवर टाकला. फोटो कोण्या लग्नातला, फेट्यातला, काळा चष्मा लावलेला. त्या फोटोवरून वहिनीनंसुद्धा नवरा ओळखला नसता. फोटोखाली धडाधड हात जोडलेली चित्रं पडायला लागली. एकानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. कोणीतरी लिहिलं की पानठेल्याजवळून जाताना दिसले, वावरात जातो म्हणाले. झालं. अख्खी फौज मोटरसायकलींवर नाल्याकडे पळाली. नाला, विहीर, बोराटीची झुडपं, सगळं पालथं घातलं. दादा सापडला नाही. विहिरीत डोकावून आलेले लोक चेहरे पाडून घरासमोर उभे राहायला लागले. वहिनी चुलीपुढून हलली नाही. ती रडतही नव्हती. तिनं नुसता दिवळीतला फोन काढून मांडीवर घेतला होता.

मला ते बघवेना. मी पानठेल्यावर गेले. ठेलेवाल्याच्या एका कानात बोळा घातलेला, गाणं चालू. त्यालाच दादा भेटला होता. मी त्याला बोळा काढायला लावला आणि विचारलं, दादा नेमका काय म्हणाला?

"वावरात जाऊन राह्यलो म्हने, आत्याबाई."

"गेला कोण्या बाजूनं?"

त्यानं हात केला तो नाल्याकडे नव्हे, कारंजाच्या रस्त्याकडे. मी विचारलं, आमचं वावर कुठे आहे ते तुला माहीत नाही का रे? तो म्हणाला, माहीत आहे की, नाल्यापलीकडे. मग हा माणूस वावरात जातो म्हणून उलट्या दिशेला चालला, याचं तुला काहीच वाटलं नाही? त्याला खरंच काही वाटलं नव्हतं. खिडकीमागे बसून बसून मला एक गोष्ट कळली आहे, माणूस समोरचा बोलतो ते नव्हे, जे ऐकायची सवय असते ते ऐकतो. दुपारी शेतकरी दुसरं कुठे जाणार? वावरातच जाणार. आणि कानात बोळा असताना एका अक्षराचा फरक कोणाला ऐकू येतो?

वावरात नव्हे, टावरात. दादा टावरात चालला होता.

मी चालत निघाले, जमेल तशी पळतही असेन. गावाच्या त्या टोकाला मनोऱ्याभोवती तारेचं कुंपण आहे. कुंपणाच्या खांबाला टेकून दादा जमिनीवर बसला होता. पायांतली एक चप्पल नव्हती, टाचेला रक्त. उन्हानं तोंड सुकलेलं. त्याच्या हातात तंबाखूची डबी होती, एका टोकाला तंबाखू आणि एका टोकाला चुना असतो तसली. तो अंगठ्यानं ती डबी दाबत होता. दाबायचा, कानाला लावायचा, ऐकायचा, परत दाबायचा. कान आणि गाल चुन्यानं पांढरे झाले होते. 

मला बघून त्याला आनंद झाला. म्हणाला, "सुट्टी भेटली काय व तुले?"

मी हो म्हटलं. खाली बसले, त्याचा गाल पदरानं पुसला. इथं काय करतोस, विचारलं.

त्यानं वर मनोऱ्याकडे बोट केलं. "इथं टावर फुल हाये म्हनून आलो. तिकडं लागून नाही राह्यला. घंटी जातच नाही व बाई. थे तवा नाही ठेवत माह्या घंटीबिगर. उपाशी राह्यते."

तेवढ्यात भाचा आणि त्याच्यामागे दोन-तीन मोटरसायकली आल्या. मला येताना बघून कोणीतरी सांगितलं असणार. भाच्यानं बापाला टावरच्या बुडाशी बसलेलं पाहिलं, त्याच्या हातातली डबी पाहिली, त्याचे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनी तो बाकीच्यांना म्हणाला, "पाह्यलं? म्या म्हनत नव्हतो? टावर मानसाले असा ओढून आनते." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर घाईघाईनं आपला फोन बंद केला, पण त्याआधी दादाचा फोटो काढून घेतला. ग्रुपवर 'सापडले' पडलं. अंगठे सुरू झाले.

 मी दादाच्या हातातून डबी घेतली आणि माझा फोन त्याच्या हातात दिला. माझा फोन काचेचा, बोट फिरवायचा, त्यानं आयुष्यात वापरलेला नाही. आकडे तेवढे मी उघडून दिले. भाचा म्हणाला, आत्या, राहू दे, त्यांना स्वतःचं गाव सांगता येत नाही. दादानं अंगठा काचेवर ठेवला. कोणाकडे न बघता, न थांबता त्यानं पूर्ण नंबर लावला. एक आकडा चुकला नाही. कानाला लावला, एक घंटी ऐकली आणि कापला. फोन माझ्या हातात देऊन तो उठला. त्याची घाई मला समजत होती, आता भाकरी गार होईल.

मोटरसायकलवर त्याला बसवून घरी आणलं. दारात ही गर्दी. भाचा ओट्यावर उभा राहून टावर माणसाला कसा खेचतो ते सगळ्यांना समजावून सांगत होता, आणि लोक ते फोनवर टिपून घेत होते. मी सरळ कोठीकडे गेले, वरचा डबा काढला, त्यातला दादाचा फोन घेतला, पाठीवरची ती चिकटी नखानं खरवडून उकिरड्यावर फेकली आणि फोन चार्जिंगला लावला. भाच्यानं ओट्यावरून ते पाहिलं. अडवलं नाही.

चुलीपाशी गेले तर दादा पाय धुऊन पाटावर बसलेला. वहिनीनं त्याच्या ताटात भाकरी टाकली. वाफ निघत होती. तव्यावर दुसरी होती. मी चक्रावले. दादा सापडला हे ग्रुपवर सगळ्यांना कळलं होतं, पण वहिनीच्या फोनात ग्रुप नाही, आणि तिला घरात जाऊन सांगावं असं गर्दीतल्या एकालाही सुचलं नव्हतं. आम्ही येणार हे तिला कोणी सांगितलं, मी विचारलं.

"कोनी नाही," वहिनी म्हणाली. तिनं भाकरी उलटली. "नंबर तुमचा होता, बाई. घंटी ह्यायची होती."